आषाढातला बलक, चैत्रातला बलक



ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावानं चालते ते गुरुजी शाळेत गणित शिकवायचे आणि घरी कोंबड्या पाळायचे. मी पशुवैद्यक म्हणून चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात नवा आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. शाळेतली चौकटींची वही. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात अंडी किती, तिसऱ्यात कोंबड्यांनी काय खाल्लं, आणि चौथ्यात बलकाचा रंग. रंगाला त्यांची स्वतःची नावं होती : लिंबू, हळद, केशर. ते म्हणाले, "डॉक्टर, कोंबडी तीच, खुराडं तेच. तरी आषाढ-श्रावणात बलक केशरावर जातो आणि चैत्रात लिंबावर येतो. असं का?"

मी उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. पुढची अनेक वर्षं ते उत्तर मी या किनाऱ्यावरच्या परसांमध्ये पुरं करत राहिलो. आज ते गुरुजींच्या पश्चात तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की कोंबडी बलकाचा पिवळा रंग स्वतः तयार करू शकत नाही. तो तिच्या पोटात बाहेरून यावा लागतो. ल्युटीन आणि झियाझँथिन ही त्या रंगद्रव्यांची नावं. हिरव्या पानात ती भरपूर असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली असतात. पिवळ्या मक्यात असतात. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूत तर इतकी असतात, की झेंडूच्या पाकळ्यांतून ती काढून कोंबडीखाद्यात घालण्याचा मोठा उद्योग आहे. तांदळात मात्र ती नसतातच म्हटलं तरी चालेल.

आता आपला किनारा डोळ्यांपुढे आणा. घाटावरच्या कोंबडीला मका मिळतो. आपल्या कोंबडीला मिळते गिरणीतली कणी, कोंडा आणि रात्रीचा उरलेला भात. या खाण्यात ताकद आहे, रंग नाही. पावसाळ्यात ती उणीव भरून निघते, कारण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की टाकळा, कवळा, कुर्डू, घोळ उगवलेली असते. हिवाळ्यात भाताच्या शेतात ओलाव्यावर वाल येतो, तोवरही बरं चालतं. फाल्गुन संपला की शेत भेगाळतं, बांध पिवळा पडतो आणि कोंबडीला हिरवं पान दिसेनासं होतं. पान गेलं की दहा-पंधरा दिवसांत बलक फिकटतो. इतकेच दिवस लागतात, कारण अंड्यातला बलक मुख्यतः शेवटच्या दहाएक दिवसांत भरतो. म्हणजे गुरुजींच्या वहीतला चौथा रकाना हा गावाच्या हिरवाईचा पंधरा दिवस मागे चालणारा हिशेब होता.

मला आज जे सांगायचं आहे ते इथंच आहे. अंड्यावरच्या कोंबडीला औषधी वनस्पतींचा पाला द्या, असं हल्ली जिकडेतिकडे सांगितलं जातं, आणि ते एखाद्या नव्या औषधाच्या थाटात सांगितलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. पाला देणं म्हणजे कोंबडीला तिचं परस परत देणं. कोंबडी हे मुळात रानातलं पाखरू. झाडाखालचा पाचोळा उकरून किडा, बी आणि कोवळं पान वेचणं हा तिचा धर्म. आपण तिला जाळीत कोंडलं, तिच्यासाठी खाद्य दळून आणलं. त्या दळलेल्या खाद्यात जे आणायला विसरलो, ते पानातून परत द्यायचं. यापेक्षा जास्त मागणं पानाकडे मागितलं, की फसगत होते.

तांदूळ आणि कोंबडी यांची एक जुनी गोष्ट सांगतो. जावा बेटावर, आजच्या जकार्तात, ख्रिस्तिआन आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडल्या. पाय टिकेनात, माना मागे वळल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला, कोंडा निघेपर्यंत सडलेला पांढराशुभ्र तांदूळ मिळत होता. पुढे नवा आचारी आला आणि लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना द्यायला तो तयार होईना. मग पुन्हा साधा, कोंडा न काढलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. सडताना जे निघून जात होतं त्यातच औषध होतं. ते जीवनसत्त्व बी-१ हे नंतर कळलं, आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल मिळालं. आपल्या भातगिरणीच्या मागे कोंड्याचा ढीग दिसला की मला ते आठवतात. नुसत्या कणीवरची कोंबडी अर्धपोटी असते, पोट भरलेलं असलं तरी. कोंड्यानं तिची एक उणीव भरते. 'अ' जीवनसत्त्वाची उणीव मात्र कोंडाही भरत नाही. तिथं पान लागतं. डोळे सुजलेल्या, पापण्यांखाली दह्यासारखा साका धरलेल्या कोंबड्या मला दाखवायला आणल्या जात, त्या बहुतेक उन्हाळ्यात आणि बहुतेक नुसत्या कणीवरच्या.

दुसरी गोष्ट ग्रीसची. १९८९ साली आर्टेमिस सिमोपुलोस यांनी सहकाऱ्याबरोबर एक छोटंसं पत्र वैद्यकाच्या नामांकित नियतकालिकात छापलं. ग्रीसमधल्या एका घरगुती शेतावर मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी आणि अमेरिकेतल्या दुकानातली अंडी त्यांनी तपासली होती. दुकानातल्या अंड्यात ओमेगा-६ हे स्निग्धाम्ल ओमेगा-३ च्या सुमारे १९ पट होतं, ग्रीक अंड्यात दोन्ही जवळजवळ सारखी, १.३ ला १. त्या कोंबड्या गवत, किडे, अंजिरं यांच्याबरोबर एक मांसल पानांची रानभाजी खात होत्या. ती रानभाजी म्हणजे आपली घोळ. तीच, जी कांद्याच्या वाफ्यातून आपण उपटून बांधावर फेकतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मान मिळाला याचा मला आनंद आहे, पण त्या वाफ्यातून निघालेली घोळ बांधावर वाळताना पाहिली की जीव हळहळतो. बांधापासून खुराडं वीस पावलांवर असतं.

आता हिशेबाकडे वळू. गुरुजींचा विषय तो.

अंड्यावरची चांगली कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिनं धरली तर सुमारे १९ ग्रॅम प्रथिनं झाली. समजा, त्या खाद्यात आपण शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची भुकटी शेकडा २ मिसळली. म्हणजे कोंबडीच्या वाट्याला २ ग्रॅमहून थोडी जास्त भुकटी आली. शेवग्याच्या वाळल्या पाल्यात पाव हिश्शाहून थोडी जास्त प्रथिनं असतात. म्हणजे मिळालं किती? अर्धा-पाऊण ग्रॅम. १९ ग्रॅमात अर्धा ग्रॅम! तेव्हा शेवग्याचा पाला घातला आणि पेंड बंद केली, असं कुणी सांगितलं तर त्याला हे गणित करून दाखवा. तसंच कॅल्शियमचं. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, हे खरं, वाळल्या पाल्यात शेकडा २ च्या आसपास. पण कोंबडीला रोज लागतं सुमारे ४ ग्रॅम, कारण एकेका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम जातं. चिमूटभर भुकटीतून तिला त्याचा शंभरावा हिस्सा मिळतो. कवच मजबूत व्हायचं तर शिंपलं हवं. कवच मुख्यतः रात्री चढतं, म्हणून कालवांची शिंपली भाजून, जाडसर कुटून संध्याकाळी टाकावीत. आपल्याकडे ती मचव्यानं मिळतात आणि आपण ती रस्त्याच्या खड्ड्यात टाकतो.

या किनाऱ्यावर एक जुनं, न लिहिलेलं खाद्य आहे. ताकद देतं भाताचं शेत. प्रथिनं आणि कवच देतो समुद्र : वाळवलेला जवळा, कुटलेली शिंपली. जवळा मात्र बिनमिठाचा हवा, खारवलेली मासळी कोंबडीला मारते. आणि रंग, जीवनसत्त्वं, पोटाचं आरोग्य देतं कुंपण. तिन्हींपैकी एक काढून उरलेल्या दोहोंवर भागवता येत नाही. कुंपणाचा वाटा सगळ्यात छोटा आहे, आणि तो छोटाच राहिला पाहिजे.

हे मी एका चुकीतून शिकलो. बायकांच्या एका बचत गटानं शंभर तलंगा आणल्या होत्या. पहिली अंडी सुरू झाली होती. मी शेवग्याविषयी नुकतंच वाचलं होतं. टांझानियातला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात सूर्यफुलाच्या पेंडीच्या जागी शेवग्याचा पाला घातला होता, आणि शेकडा १० चं प्रमाण उत्तम ठरलं होतं. मी उत्साहानं सांगितलं, दहा किलोला एक किलो घाला. वर बोटभर कडुनिंबही घाला, जंत जातील. तीन आठवड्यांनी गटातल्या मावशी माझ्याकडे आल्या. रागावल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं. "डॉक्टर, बलक सोन्यासारखा झालाय, पण अंडी निम्म्यावर आली. कोंबड्या भांड्यात चोच घालतात आणि बाहेर काढतात." मी जाऊन पाहिलं. टांझानियात सगळं खाद्य नव्यानं तोलून बनवलं होतं, एक काढलं तिथं दुसरं भरलं होतं. मी मात्र कणी-कोंड्याच्या आधीच हलक्या खाद्यावर पाला ओतला होता. पोट पाल्यानं भरलं आणि ताकद कमी पडली. त्यात कडुनिंबाच्या कडवटपणानं त्यांनी खाणंच कमी केलं. कडुनिंब बंद केला, शेवगा शेकडा २ वर आणला. अंडी परत यायला महिना लागला. त्या महिन्यात बुडालेले पैसे त्या बायकांचे होते, माझे नव्हते. तेव्हापासून मी कुणालाही वहीशिवाय पाला सांगितलेला नाही.

शेकडा २ म्हणजे प्रत्यक्षात किती, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. शंभर कोंबड्या दिवसाला ११ किलो खाद्य खातात. त्यात २२० ग्रॅम भुकटी. ओल्या पाल्याचा वाळून पाव-पंचमांश उरतो, म्हणजे रोज एक किलोभर ओला पाला. शंभर कोंबड्यांना एक किलो. एका मोठ्या शेवग्याच्या दोन फांद्यांचं काम. घरच्या दहा कोंबड्यांना एक जुडी पुरे. जुडी जमिनीवर टाकू नका, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर दोरीनं टांगा. खाली टाकलेला पाला विष्ठेत तुडवला जातो. टांगलेल्या जुडीवर त्या उड्या मारतात, आणि कोंडलेल्या कोंबड्यांना हे काम मिळालं की एकमेकींची पिसं उपटणंही कमी होतं.

आणि वाळवायचा कसा? सावलीत, हवेशीर पडवीत, सुपावर पातळ पसरून, दोन-तीन दिवस. हाताने चुरला की कुरकुरला पाहिजे. उन्हात वाळवला तर रंग उडतो, आणि रंगाबरोबर आपण ज्यासाठी खटाटोप केला तेही उडतं. हे काम दिवाळीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात वाळवायचा हट्ट धरू नका. आपल्या हवेत तो वरून वाळतो आणि आतून बुरशी धरतो. बुरशीचं विष काय करतं, ते १९६० साली इंग्लंडनं पाहिलं. ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यातूनच जगाला कळलं. कोंदट वास आलेला पाला, तसाच गुठळी झालेला कोंडा, खतात टाका. कोंबडीला घालून "बघू काय होतंय" म्हणू नका. पावसाळ्यात तसंही दाराबाहेर हिरवं मिळतं. साठवणीचा पाला चैत्र-वैशाखासाठीच.

मला नेहमी विचारतात, शेवगा सोडून आणखी काय? घोळ सांगितली. तुळशीची मूठभर पानं कोंबड्या आवडीनं खातात, द्या. टाकळा, माठ कोवळे असताना द्या. अडुळशाचा काढा घरघर लागलेल्या कोंबडीला पाजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. थोड्या सर्दीत त्यानं आराम पडल्यासारखा वाटतो, पण त्यावर मी पैज लावणार नाही. निर्गुंडी खाण्यात नको, खुडूक कोंबडीच्या टोपलीत अंड्यांखाली घाला. उवा-पिसवांसाठी आपल्या आज्या हेच करत, आणि सोबत राखेचा खड्डा लोळायला ठेवत. सुबाभळीचा पाला पोराबाळांनी तोडून आणला तर बकरीला घाला, कोंबडीला नको. त्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, ते पक्ष्यांना बाधतं. देवळाच्या कुंपणाची कण्हेर तर जवळही आणू नका. आणि फवारलेल्या आंब्याखालचं तण कापून आणण्याचा मोह टाळा. जे विष चरबीत विरघळतं ते शेवटी बलकात जमतं, आणि बलक आपली नातवंडं खातात.

पाल्याचं ज्ञान या जिल्ह्याला नवं नाही. पोपटी लावताना मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचाच पाला का लागतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी सगळं त्या वासात शिजतं. दुसरा पाला घातला तर ती पोपटी होत नाही, आणि भांबुर्डा जास्त झाला तर कडवट होते, हेही घरातली पोरं जाणतात. आमच्या कातकरी बायांना पहिल्या पावसानंतर कोणत्या पानाला हात लावायचा आणि कोणत्याला नाही हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. प्रमाणाची जाण आपल्या हातात आहे. ती स्वयंपाकघरातून खुराड्यापर्यंत न्यायची आहे.

एक गोष्ट मात्र मोठ्यानं सांगतो, कारण इथं जीव जातात. पाला ही लस नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी होतात. तुळस, हळद, लसूण, काही तिला अडवत नाही. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आठव्या आठवड्यात आरटूबी लसीचं इंजेक्शन, याला दुसरा मार्ग नाही. बर्ड फ्लूला तर पाला मुळीच अडवत नाही. २००६ साली नवापुरात काय झालं ते कोंबडीवाले विसरलेले नाहीत. पाल्यानं रोग बरा होतो असं सांगून लस चुकवायला लावणारा माणूस तुमचा शत्रू आहे, मग तो कितीही गोड बोलो.

दुसऱ्या बाजूनंही बोलायला हवं. वर्षानुवर्षं कोंबडीखाद्यात वाढीसाठी म्हणून अँटिबायोटिकं घातली गेली. स्वीडननं ती १९८६ सालीच बंद केली, युरोपनं २००६ पासून. आपल्याकडे कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला २०१९ साली बंदी आली. ती जागा भरायला जगभर वनस्पतींकडे लोक वळले, त्यातून हा सगळा पाल्याचा बोलबाला झाला. तो मला चांगला वाटतो. पण अँटिबायोटिकाची जागा आधी कोरडी गादी, स्वच्छ पाणी, मोकळी हवा यांनी भरायची असते. मग उरलेल्या जागेत पान.

आता वहीकडे. तुमच्याकडे वीस कोंबड्या असतील तर दहा-दहा करा. वय सारखं, खुराडं शेजारचं, खाद्य एकच, फक्त एकीकडे पाला. सहा आठवडे चालवा, पहिले दोन मोजू नका, कारण जुना बलक तेव्हा निघत असतो. रोज अंडी मोजा. आठवड्यातून एकदा सगळी अंडी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, आणि दोन-दोन पांढऱ्या बशीत फोडून शेजारी ठेवा. रंग दोघींनी पाहावा, आणि कोणती बशी कुठली हे त्यांना सांगू नये. कवच तपकिरी म्हणजे अंडं गावठी, असं धरू नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीचा असतो, खाण्याचा नाही. गडद बलकही नुसता रंगद्रव्य घालून करता येतो. तेव्हा रस्त्याकडेच्या पाटीवर "गावठी अंडी" लिहिण्याआधी तुमच्या वहीत काय लिहिलं आहे ते गिऱ्हाइकाला दाखवता आलं पाहिजे. मुंबईहून येणारं गिऱ्हाईक त्या वहीचे दोन रुपये जास्त देईल, असा माझा अनुभव आहे.

गुरुजींच्या परसात, विहिरीच्या उतारावर, एक जुना शेवगा होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर धडकलं, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि शेवग्याचं लाकूड तर ठिसूळच, तो बुंध्यात मोडला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कौलं उडालेल्या घरापुढे गुरुजींच्या सूनबाई कोयत्यानं त्याच्या फांद्यांचे हातभर तुकडे करत होत्या. छपराचं काय ते नंतर, म्हणाल्या, पण पाऊस लागायच्या आत ह्या जमिनीत गेल्या पाहिजेत. त्यातल्या सात जगल्या.

त्याच झाडांच्या फांद्या आज सभागृहाच्या दाराशी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकानं एक न्या. जाड टोक खाली, वीतभर खोल, पाणी साचणार नाही अशा जागी, खुराड्यापासून जरा दूर, म्हणजे कोवळं पान कोंबड्या आधीच ओरबाडणार नाहीत. वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावा. माणसाच्या उंचीचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे ते उंच न जाता फुटेल आणि तोडायला हाताशी राहील. शेजारी वह्याही आहेत, चौकटींच्या. चार रकाने सूनबाईंनी आखून दिले आहेत.